अभ्यास मराठीतला की हिंदीतला?

कॉलेजातल्या एका मुलीचं पत्र आलंय, थोडं कापून देते:

"ताई, मी देवासची, इंदूरला बीएस्सी फर्स्ट इयर, बायो ग्रुप. रोज अप-डाउन करते, सकाळी साडेसहाची बस. बारावी एमपी बोर्ड, हिंदी मीडियम, ८६ टक्के. कॉलेज सुरू झाल्यापासून रात्री एक-एक वाजेपर्यंत बसते, सगळं वाचून झालेलं असतं, हायलाइट केलेलं असतं, तरी पहिल्या टेस्टमध्ये ३० पैकी ९ आले. पेपर हातात आला तेव्हा सगळं ओळखीचं वाटत होतं पण लिहायला गेले तर काही सुचेना. घरी सांगितलंय की मार्क अजून कळले नाहीत. सर बोलतात ते कळतं पण पुस्तकातले इंग्लिश शब्द डोक्यावरून जातात. मैत्रीण म्हणते अप-डाउन सोड, भंवरकुआँला रूम घे आणि लायब्ररी लाव. बाबा म्हणतात मोबाइल सोड. मला प्लीज एक टाइमटेबल बनवून द्या आणि रोज किती तास अभ्यास करू तेही सांगा."

देवासकर बेटा,

टाइमटेबल मी देणार नाही, हे आधीच सांगून टाकते म्हणजे तू शेवटपर्यंत त्याची वाट बघत बसणार नाहीस. माझ्या भाच्याला एकदा बनवून दिलं होतं, चार रंगांत, पट्टीने रेघा मारून, कपाटाच्या दारावर चिकटवलं, आणि पाचव्या दिवशी तो त्याच दाराला टेकून सेव खात मोबाइल बघत होता, मागे लिहिलेलं "४ ते ६ केमिस्ट्री". आणि किती तास या प्रश्नाला तर उत्तरच नाही, कारण तू सहा तास बसतेच आहेस ना, आले की नऊ. मग आठ तास बसलीस तर बारा येतील का?

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. "सगळं ओळखीचं वाटत होतं पण लिहायला गेले तर काही सुचेना." मीडियम, बस, मोबाइल यांच्याकडे नंतर येऊ, दुखणं इथे आहे. हे बघ, लग्नात कोणीतरी काकू येतात, हात धरतात आणि विचारतात ओळखलंस का गं मला? आपण लगेच हो हो म्हणतो, चेहरा खरंच ओळखीचा असतो, खोटं नसतं ते. पण त्यांनी पुढे विचारलं की सांग मी कोण, की ततपप. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. तू रात्री एक वाजेपर्यंत त्या काकूंचा चेहरा बघत बसलेली असतेस, पिवळ्या हायलायटरने कुंकू लावत, आणि पेपर विचारतो नाव.

आता मजा बघ, तू मराठी घरातली आणि हिंदी शाळेतली, तुझ्याकडे एक शब्द दोनदा आहे. अभ्यास. आपण मराठीत वाचत बसण्याला पण अभ्यास म्हणतो, आई विचारते अभ्यास झाला का, तर झाला, म्हणजे पुस्तक उघडं होतं. पण तुझी हिंदी मीडियमची पुस्तकं आठव, धडा संपला की मोठ्या अक्षरात काय लिहिलेलं असायचं? "अभ्यास". आणि खाली प्रश्न. हिंदीत अभ्यास म्हणजे सराव, करून बघणं. तू आत्तापर्यंत मराठीतला अभ्यास करत आलीस, आणि बारावीत तो चालून गेला कारण हिंदीतला अभ्यास दुसरं कोणी तरी करवून घेत होतं, कोचिंगवाले सर रविवारी टेस्ट घ्यायचे, शाळेत उभं करून विचारायचे, आई वही घेऊन बसायची. कॉलेजात ते बंद झालं. कोणी विचारत नाही. सर येतात, शिकवतात, जातात, आणि थेट टेस्टच समोर येते. म्हणजे तू कमी हुशार झाली नाहीस, फक्त प्रश्न विचारणारी माणसं गेली आणि त्यांच्या जागी तू कोणाला ठेवलं नाहीस.

माझं सांगते. मी महूची, ९२ साली इंदूरला कॉलेजात यायची, तेव्हा मीटरगेजची गाडी होती, एमएसटी म्हणजे महिन्याचा रेल्वे पास काढलेला आणि डब्यात आमचा सहा-सात जणींचा ठरलेला कोपरा. माझ्या नोट्स फेमस होत्या. तीन रंगांचे पेन, हेडिंगखाली डबल लाइन, आकृत्यांना शेडिंग. फर्स्ट इयरला माझ्याच नोट्स नेऊन एकीला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त मिळाले, आणि ती वही परत देताना म्हणाली किती छान लिहितेस गं तू. मी घरी येऊन रडले होते, आता हसू येतं.

त्या कोपऱ्यात एक कॉमर्सची मुलगी असायची, सायन्सशी काही देणंघेणं नाही, थंडीत तिच्या आईने दिलेले बटले, म्हणजे मटार, गाडीतच सोलायची म्हणजे घरी गेल्यावर काम नको. एकदा मी मायोसिस पाठ करत होते, तोंडातल्या तोंडात, लेप्टोटीन झायगोटीन पॅकिटीन डिप्लोटीन डायाकायनेसिस, मंत्रासारखं. ती म्हणाली हे काय बडबडतेस? मी म्हटलं पेशी विभाजनाच्या स्टेज आहेत. म्हणजे काय गं? म्हणजे क्रोमोसोमच्या जोड्या लागतात आणि ते एकमेकांशी तुकडे बदलतात. कोण कोणाशी बदलतो? मी थांबले. म्हटलं जोडीतले. म्हणजे एक आईकडून आलेला आणि एक बाबांकडून? मला तेही आधी नीट सुचलं नव्हतं, तिने अंदाजाने म्हटलं आणि ते बरोबर होतं. मग म्हणाली पण बदलतात कशाला, आहेत ते काय वाईट आहेत? राऊ स्टेशन येईपर्यंत मी गप्प, वही उघडून शोधत होते, वहीत कारण नव्हतंच, फक्त नावं होती आणि शेडिंग होतं. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं, आणि परत येताना गाडीत तिला सांगितलं की एकाच आईबापाची दोन मुलं सारखी होत नाहीत त्याचं एक कारण ही अदलाबदल. ती शेंग सोलता सोलता म्हणाली, अच्छा, म्हणून तू अशी आणि तुझी बहीण इतकी शहाणी. आज तीस वर्षं होऊन गेली, बाकी सिलॅबस धुऊन गेला, पण अदलाबदल पॅकिटीनमध्ये होते आणि तिच्या खुणा डिप्लोटीनमध्ये दिसतात हे मला झोपेतून उठवून विचार.

सांगायचा मुद्दा, मला सुंदर वहीने पास केलं नाही, त्या "म्हणजे काय गं"ने केलं.

आणि हे फक्त माझं गाडीतलं ज्ञान नाही हां. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ मध्ये एक प्रयोग छापला. कॉलेजच्या मुलांना उतारा दिला. काहींनी तो चार पाळ्यांत परत परत वाचला. काहींनी एका पाळीत वाचला आणि पुढच्या तीन पाळ्यांत कागद बाजूला ठेवून जे आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर वाचणारे पुढे, ८३ टक्के आणि आठवणारे ७१. एक आठवड्याने घेतली तर उलटं, वाचणारे ४० आणि आठवणारे ६१. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की परत परत वाचणाऱ्यांनाच जास्त खात्री होती की आपल्याला चांगलं लक्षात राहील! रात्री एक वाजता पुस्तक मिटताना तुला जे वाटतं ना, की झालं, येतंय सगळं, ते हेच पाच मिनिटांचं ८३ टक्के. टेस्ट मात्र आठवड्याने असते.

तर आता करायचं काय. एक टॉपिक घे, एकदा नीट वाच, हायलायटर न लावता. मग पुस्तक मीट, अगदी दप्तरात टाक, आणि एक कोरा कागद घे, पाठकोरा चालेल, आणि जे आठवतं ते लिही. पहिल्यांदा चार ओळी येतील आणि तुला वाटेल मी किती ढ आहे, तो फार घाणेरडा क्षण असतो, त्याच क्षणी हात आपोआप पुस्तकाकडे जातो, तो जाऊ द्यायचा नाही. दोन मिनिटं अजून बस. डोकं खाजव. काहीतरी अर्धवट येतंच, तेही लिही. मग पुस्तक उघड आणि जे राहिलं किंवा चुकलं ते दुसऱ्या रंगाच्या पेनने त्याच कागदावर लिही (घे, तुझे रंगीत पेन इथे वापर). त्या कागदावर जे दुसऱ्या रंगात आहे तेवढाच तुझा अभ्यास बाकी आहे, जे आलंय ते परत वाचत बसायचं नाही, ते वाचायला बरं वाटतं म्हणून आपण तेच वाचतो.

कधी करायचं, तर त्याच दिवशी पहिल्यांदा. आपल्या होळकर सायन्स कॉलेजची सुरुवात १८९१ ची, त्याच्याही सहा वर्षं आधी, १८८५ मध्ये, जर्मनीत एबिंगहाउस नावाच्या माणसाने स्वतःवरच प्रयोग करून पुस्तक छापलं होतं, अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या पाठ करायचा आणि मग मोजायचा किती गेलं. एका तासात अर्ध्याहून जास्त गेलं, दिवसभरात साधारण दोन तृतीयांश, आणि मग पुढे मात्र हळूहळू जातं. तुझा सिलॅबस निरर्थक नाही (काही पानं वाटतात तशी), त्यामुळे इतकं भराभर जाणार नाही, पण उतार तसाच, सुरुवातीला खडा. तुला टेस्टच्या आदल्या आठवड्यात जे करावं लागतं ते कमी कष्टात त्याच संध्याकाळी होतं, कारण तेव्हा अजून सरांचा आवाज कानात असतो.

आणि इथे तुझी बस. तू अप-डाउनबद्दल रडगाणं लिहिलंयस (ते मी कापलं, सॉरी, पाऊण पान होतं), पण मला विचारशील तर ती बस तुझ्या रूमवाल्या मैत्रिणीकडे नसलेली गोष्ट आहे. सकाळी बस देवासहून निघाली की शिप्रेचा पूल येईपर्यंत कालचं पहिलं लेक्चर आठव, काहीही न उघडता. पुलापासून मांगलियापर्यंत दुसरं. जे आठवलं नाही ते मांगलियानंतर वही काढून बघ, देवास नाक्याच्या जॅममध्ये वेळच वेळ असतो. परतीच्या बसमध्ये आजचं. घरी जाऊन चहा पिऊन झाला की कोऱ्या कागदावर वीस-पंचवीस मिनिटं एकेक विषय, आणि रविवारी सकाळी आठवड्याचे सगळे कागद समोर न ठेवता परत एकदा. बस. रात्री अकराला झोप, साडेपाचला उठणाऱ्या मुलीने एक वाजेपर्यंत जागायचं म्हणजे पहिल्या लेक्चरला डुलक्या आणि मग तेच लेक्चर घरी यूट्यूबवर दीडपट स्पीडने, हा कुठला हिशोब आहे?

वर्गात नोट्स घेताना एक छोटी गोष्ट. कॉर्नेल युनिव्हर्सिटीत वॉल्टर पॉक नावाच्या प्राध्यापकांनी ५०च्या दशकात शोधलेली, फार सोपी आहे. आपल्या वहीला समास असतो ना, तो रुंद कर, पट्टीने अडीच इंचांवर रेघ आख. उजवीकडे सर बोलतील ते. डावीकडचा समास कोरा. संध्याकाळी त्या समासात उत्तरं नाही, प्रश्न लिहायचे, "अदलाबदल कुठल्या स्टेजला?", "का?". मग उजवी बाजू हाताने झाकायची आणि समास वाचायचा. माझी ती कॉमर्सवाली मैत्रीण तुझ्या वहीतच बसवली म्हण.

आता भाषा. यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण इंदूर-देवास-धारच्या आपल्या मुलांचं हे दुखणं बाहेरच्यांना कळत नाही. पुण्याच्या माझ्या नणंदेला वाटतं मराठी मीडियम ते इंग्लिश एवढीच उडी. आपली उडी तीन पायऱ्यांची. घरी मराठी, शाळेत हिंदी, आता पुस्तक इंग्लिश, आणि मधे शब्द फसवतात. साधी "पेशी" घे. मराठीत पेशी म्हणजे सेल. तुझ्या हिंदी पुस्तकात सेलला कोशिका होतं आणि पेशी म्हणजे मसल! माझ्या एका भाचीने आजीला सांगितलं होतं की हृदय पेशियों का बना है, आजी म्हणाली सगळंच पेशींचं बनलेलं असतं बाई, आणि दोघी आपापल्या जागी बरोबर.

तर वहीची शेवटची पानं उघड आणि तीन रकाने पाड. पहिल्यात इंग्लिश शब्द देवनागरीत पण आणि स्पेलिंग पण, दुसऱ्यात तुझा बारावीचा हिंदी शब्द, तिसऱ्यात तुझ्या घरच्या भाषेत अर्थ, शुद्ध मराठी प्रतिशब्द नकोय, अर्थ हवाय. मायोसिस, अर्धसूत्री विभाजन, "क्रोमोसोमची संख्या अर्धी होते ते". ऑस्मोसिस, परासरण, "मनुका पाण्यात टाकल्यावर फुगतात ते". दिवसाला पाच-सहा शब्द पुष्कळ झाले. तू नव्याने बायो शिकत नाहीयेस हे तुझं तुलाच दिसेल, दुसरा रकाना जवळजवळ भरलेला असतो, तुला जे येतं त्याचं फक्त नाव बदललंय. आणि लाज तर अजिबात नको. २०२२ मध्ये भोपाळला एमबीबीएसच्या फर्स्ट इयरची हिंदी पुस्तकं काढली ना, त्यातसुद्धा बरेचसे शब्द इंग्लिशच ठेवलेत, फक्त देवनागरीत. म्हणजे पुस्तक करणाऱ्यांनाही शेवटी खिचडीच शिजवावी लागली, तू पण शिजव. फक्त पेपर कुठल्या भाषेत लिहायचा ते आत्ताच मॅडमना विचारून पक्कं कर आणि कोरा कागद त्याच भाषेत लिही, घरी हिंदीत आठवायचं आणि तिथे इंग्लिशमध्ये लिहायचं असं करशील तर हात अडकणारच.

रूम घे की नको? माझं मत, आत्ता नको. भंवरकुआँच्या त्या लायब्रऱ्या मी बघितल्यात, लायब्ररी म्हणजे पुस्तकं नसतात गं, एक खुर्ची, पार्टिशन, चार्जिंग पॉइंट आणि एसी, महिन्याचे पैसे. पीएससीवाल्या, म्हणजे सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी ते ठीक आहे, त्यांना घर लांब असतं आणि दिवसभर बसायचं असतं. तू तिथे जाऊन तेच करशील जे घरी करतेस, फक्त एसीत हायलाइट करशील. आधी दोन महिने बसमध्ये करून बघ. दोन महिन्यांनीही येण्याजाण्याने खरंच जीव जात असेल तर मग बाबांशी बोल, तेव्हा तुझ्याकडे दाखवायला काहीतरी असेल.

मोबाइलचं बाबांचं अर्धं बरोबर आहे. सोडायचा नाही, पण कोऱ्या कागदाच्या त्या वीस मिनिटांत तो आईच्या खोलीत चार्जिंगला. कारण ज्या क्षणाला काही आठवत नाही ना, नेमका त्याच क्षणाला त्याची आठवण येते. टायमर हवा असेल तर स्वयंपाकघरातलं घड्याळ घे. इटलीच्या एका विद्यार्थ्याने ८०च्या दशकात असंच स्वयंपाकघरातलं टमाटरच्या आकाराचं टायमर लावून पंचवीस-पंचवीस मिनिटं अभ्यास करायची पद्धत काढली, ती आता जगभर टमाटरच्याच इटालियन नावाने, पोमोडोरो म्हणून चालते. कुकरच्या शिट्ट्या मोजल्यास तरी माझी हरकत नाही. आणि ग्रुपवर आलेल्या त्या पीडीएफ? उघडूच नकोस. दुसऱ्याने काढलेल्या नोट्स म्हणजे दुसऱ्याने केलेला व्यायाम.

त्या टेस्टचा पेपर घेऊन सरांकडे जा. घाबरू नकोस, पण "सर मला काही समजत नाही" असं म्हणू नकोस, त्यावर ते बिचारे काय सांगणार. चौथ्या प्रश्नावर बोट ठेवून विचार की मी हे लिहिलं, दोनच मार्क का? एवढा नेमका प्रश्न घेऊन येणारी मुलगी सरांना वर्षभर लक्षात राहते, हा माझा दोन्ही बाजूंचा अनुभव आहे, बावीस वर्षं मीही शिकवलंय. तेव्हाच सीनियर्सकडून मागचे पेपर मिळव, ते वाचायला नाही, वेळ लावून सोडवायला.

आणि बाबांना नऊ सांगून टाक. आज रात्रीच. मार्क कळले नाहीत हे अजून किती दिवस चालेल, आणि तू रोज ते लपवण्यात जेवढं डोकं घालवतेस तेवढ्यात एक टॉपिक होतो. सांगताना त्यांना एक काम पण दे. जेवताना रोज एक प्रश्न विचारायचा, काहीही, "म्हणजे काय गं?" एवढंच. त्यांना बायो येत नाही असं तू लिहिलंयस, मग तर फारच छान, तसाच माणूस पाहिजे.

बसमध्ये लिहून मळमळत असेल तर लिहू नकोस, डोळे मिटून नुसतं आठव. शेजारच्यांना वाटेल झोपलीस, वाटू दे. फक्त कंडक्टरला आधीच सांगून ठेव कुठे उतरायचंय ते, मी एकदा क्रेब्स सायकल आठवता आठवता स्टेशनवर उतरायचीच राहिले होते.

तुझी ताई